शिमग्याची ओळ आणि बाकीची मालमत्ता

दुसऱ्याने लिहिलेले प्रोग्राम निस्तरून पोट भरणाऱ्या केतन आणि रुचिरा, तुमची नि माझी तक्रार एकच आहे: आपण लिहितो ते कोणी वाचत नाही. हे तरी वाचा.

मी, गंगाराम विठ्ठल नाटेकर, वय ६८, राहणार रत्नागिरी, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. खाडाखोडही माझीच आहे.

१. राहते घर पत्नी कमळा हिला. ते तिचेच होते. मी भाषणे देत फिरत होतो.

२. पुस्तके पुतणी रुचिरा हिला. पुतण्या केतनने नेलेली एकोणीस वगळून. ती त्याने आता तरी वाचावीत.

३. मच्छीमार सोसायटीसाठी मी लिहिलेला बोट-नोंदीचा प्रोग्राम. संध्याकाळपर्यंत बोट धक्क्यावर लागली नाही, तर तो घरी संदेश पाठवतो. शिमग्यात मात्र खलाशी पालखीसाठी परस्पर आपापल्या गावच्या खाडीत शिरतात. म्हणून त्या आठवड्यापुरती एक ओळ होती: संदेशाआधी गावात फोन करा.

यंदा केतनने एआय टूलकडून प्रोग्राम साफ करून घेतला. ती ओळ गेली. शिमग्याला सव्वीस घरांत संदेश पोचले. सोनूबाईंचा मला फोन आला, "मास्तर, तुमचं मशीन बोलतंय आमचा माणूस परत आला नाय. बांगड्या फोडू की जरा थांबू?"

मी थांबायला सांगितले. तीन तासांनी त्यांचे यजमान, बोट चालवणारे तांडेल रावजी, दाभोळला सापडले, पालखी खांद्यावर, फोन बोटीत.

केतन म्हणाला, "काका, टूल म्हणालं, या ओळीचा काही उपयोग नाही."

रुचिरा म्हणाली, "मी सांगत होते, त्या यंत्राला हात लावू नका."

रुचिरा, तू दहा वर्षे इंटरनेटवरून प्रोग्राम न वाचता उतरवतेस. तुझा सोवळेपणा मला मान्य नाही. केतन, टूलला शिमगा माहीत नव्हता. तू शिमग्यात नाचून मोठा झालास. तू विचारले नाहीस.

आणि मी? हातखंब्याच्या सभेत या टूलविरुद्ध पाऊण तास गरजलो, टाळ्या घेतल्या. पण ती ओळ का आहे, हे अकरा वर्षांत कुठेही लिहिले नाही. सोनूबाईंचे ते तीन तास माझ्या खाती आहेत. ते भाषण मी मागे घेतो.

४. सबब प्रोग्राम दोघांना, सामाईक. टूल खुशाल वापरा. मात्र एकाने केलेला बदल दुसऱ्याने ओळ न् ओळ वाचल्याशिवाय धक्क्यावर जाणार नाही.

५. ती ओळ मी परत घातली आहे. कारण मुद्दाम लिहिलेले नाही. हा कागद वाचून संपताच, तेराव्याची वाट न पाहता, दोघे धक्क्यावर जा, सोनूबाईंना त्या तीन तासांबद्दल विचारा, आणि त्या जे सांगतील ते त्या ओळीच्या वर लिहा.

सही: गं. वि. नाटेकर
साक्षीदार: १. रावजी सदू पावसे, तांडेल (हयात)
२. सोनूबाई रावजी पावसे
ठिकाण: रत्नागिरी. दिनांक: १५ मार्च २०२६