रवळनाथापुढचे गाऱ्हाणे

।। श्री ।।
जांभूळवाडी, ता. खानापूर
ता. ९ जानेवारी १९३४

चि. शामू यास अण्णाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे कार्ड पोचले. मालुबाईचा ताप उतरल्याचे वाचून तुझ्या वहिनीने धाकट्या जावेसाठी देवापुढे साखर ठेवली, आणि देवाने ती खाण्याआधी निम्मी स्वतःच खाल्ली. आम्ही खुशाल आहोत असे लिहिणार होतो, पण तुझ्याशी खोटे कशाला बोलू?

मष्णू सुटून आला आहे. मी पोलीस जमादार असताना घाटातल्या दरोड्यात मी आणि भावकू शिपायाने त्याला धरला होता, आणि आमच्याच साक्षीवर तो तुरुंगात गेला. भावकूही माझ्यासारखा पेन्शनीत घरी बसलेला. गेल्या महिन्यात ओढ्यापाशी कुणीतरी त्याला अंधारात गाठले आणि हात मोडला. तोंड दिसले नाही. आता मष्णू रोज सकाळी माझ्या दारावरून जातो, थांबतो, रामराम घालतो आणि जमादार बरं हाय न्हवं, असे विचारून पुढे जातो. शिवी दिली असती तर काय करायचे ते मला कळले असते.

पेन्शन घेताना पट्टा आणि बंदूक जमा केली, तेव्हा हलके वाटले होते. आता परसात जायचे तर तुझी वहिनी कंदील घेऊन पुढे चालते. तू वकिलांकडे कारकून आहेस, तर एवढे विचार की पट्टा उतरलेल्या माणसाला सरकार ओळखते का.

तुझा
अण्णा

।। श्री ।।
अनगोळ, बेळगाव
ता. १५ जानेवारी १९३४

तीर्थस्वरूप अण्णांना शामूचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून जेवण गेले नाही. मालूला सांगितले नाही, तरी तिने तोंडावरून ओळखलेच.

चिंतामणराव वकिलांना विचारले. ते म्हणाले, नोकरीत केलेल्या कामाचा सूड म्हणून कुणी मारले असे शाबीत झाले, तर पेन्शनीतल्या माणसालाही कलम आहे आणि शिक्षा जबर आहे. पण ते मारल्यानंतर. आधी काही हवे असेल तर मॅजिस्ट्रेटसाहेब त्या माणसाकडून जामीन लिहून घेतात, त्याला मात्र धमकीचे साक्षीदार लागतात. रामरामाला धमकी कसे म्हणायचे, असे विचारून वकील हसले. मला त्यांचा फार राग आला. बंदुकीच्या परवान्याचा अर्ज मी लिहून देतो, पण त्याला महिने लागतील.

तोवर चार माणसांदेखत गाऱ्हाणे घालून ठेवा, असे त्यांनी बजावले आहे. कुठे ते तुम्हाला सांगायला नको. सगळी हयात तुम्हीच लोकांची गाऱ्हाणी ऐकत चौकीत बसलात! वहिनींना म्हणावे, साखर उरली असेल तर आमच्याही नावाने ठेवा.

आपला आज्ञाधारक
शामू

।। श्री ।।
जांभूळवाडी
ता. २४ जानेवारी १९३४

चि. शामू यास आशीर्वाद.

तुझे पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवले, तिथेच चुकलो. चार माणसांदेखत गाऱ्हाणे म्हटल्यावर तिला चौकी कशाला आठवेल? ती नारळ घेऊन तडक गुरवाकडे गेली. सोमवारी गावदेव रवळनाथापुढे सारा गाव जमला आणि गुरवाने गाऱ्हाणे घातले. गुराढोरांना सांभाळ म्हणाला, गाव गरजला, व्हय महाराजा. पिकाला राख म्हणाला, व्हय महाराजा. मग माझे नाव घेऊन म्हणाला, भरमा जमादाराच्या अंगावर जो हात टाकील त्याचा हात तू धर.

कुणी व्हय म्हणाले नाही. गुरवाने पुन्हा म्हटले. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात मागून एकाच माणसाचा आवाज आला, व्हय महाराजा. वळून पाहिले तर मष्णू.

दुसऱ्या दिवशी तो अंगणात येऊन बसला. तुझ्या वहिनीने हातात कोयता घेतला होता, तो तिने खाली ठेवला नाही. मष्णू म्हणाला, भावकूचा हात मोडला तवा पोलिसांनी आधी मष्णूलाच उचलून नेलं. त्या वक्ताला तो लोंढा गावी लाकडाच्या गाड्यांवर कामाला होता, मुकादमानं तसं सांगितलं म्हणून सुटला. आता जमादाराला काय झालं तर मष्णूला कोण सोडील? म्हणून रोज सकाळी तो बघून जातो, जमादार जित्ता हाय का न्हाय. मी आजवर पुष्कळांचे खोटे ऐकले आहे, हे खोटे नव्हते.

मी विचारले, मग भावकूला मारले कुणी? तो म्हणाला, त्याला स्वतःला ठाऊक न्हाय, पण गावाला ठाऊक हाय. ठाऊक नसतं तर गाऱ्हाण्याला गाव गप्प बसला नसता.

शामू, मला फार भीती वाटते. मष्णूला भीत होतो तोवर कुणाकडे पाठ करायची नाही एवढे तरी कळत होते. आज सकाळी दळणाला गेलो तर पाच-सहा जणांनी रामराम घातला, आणि यातला तो कोण हे कळेना, म्हणून मी भिंतीला पाठ लावूनच उभा राहिलो.

तू रविवारी ये आणि तुझ्या वहिनीला घेऊन जा. मालुबाईला पुन्हा ताप आला असे सांग, नाहीतर ती यायची नाही. मी येणार नाही, आलो तर भावकूला मारणारा तो माणूस तुझ्या दारापर्यंत येईल. जे व्हायचे ते तिच्यासमोर होऊ नये.

माझ्यावरचा लोभ आता तिच्यावर ठेव.

तुझा
अण्णा