खोडव्याचं बेणं

तीर्थरूप आण्णा,

साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की... एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. तुम्ही फौजेत होता तेव्हा आई चुलीपुढं बसून सांगायची आणि मी पाटावर वही ठेवून तुम्हाला लिहायची. आठवतंय ना? ‘पत्रास कारण की’च्या पुढं खरं कारण कधी लिहायचं नाही, हा आईचा नियमच होता. म्हैस मेली तरी ‘इकडील सर्व क्षेम’. धाकट्या विलासचा पाय मोडला तरी ‘इकडील सर्व क्षेम’. “तिकडं बर्फात बसल्यात त्ये. जिवाला घोर कशापायी लावायचा?” म्हणायची. आज पहिल्यांदा तुम्हाला खरं कारण लिहितेय, तर वाचायला तुम्ही नाही. माझं नेहमीचंच, वरातीमागून घोडं!

कारण असं, की काल तुमचं वर्षश्राद्ध झालं. पंगती उठल्यावर विलास पान लावत बसला होता आणि सहज म्हणून दोन गोष्टी बोलून गेला. त्याला त्यातलं काही कळलं नाही. मला कळलं. इस्लामपूरच्या स्टँडवर एसटीत बसले आणि सांगली येईपर्यंत तोंडाला पदर लावून होते. शेजारची बाई विचारायला लागली, उलटी होतीय का.

पण आधी त्या दिवाळीचं बोलू द्या, आण्णा. वर्षभर घशात अडकलंय ते.

साताऱ्याहून मी दोन बॅगा घेऊन आले, तेव्हा तुम्ही काहीच विचारलं नाहीत. बावीस वर्षांचा संसार, आणि तुमच्या जावयानं त्याच गावात दुसरं घर मांडलेलं. मूलबाळ नाही म्हणून मांडलं, असं चारचौघांत सांगत होता. तुम्ही फक्त बॅगा उचलून आत ठेवल्यात. मला वाटलं, आण्णा फौजी माणूस, बोलत नसले तरी पाठीशी आहेत.

नवव्या दिवशी शेजारचे तुकाकाका अंगणात आले. मी चहा घेऊन दाराआड पोचले होते. ते म्हणाले, “आण्णा, लेक आलीया जणू दिवाळीला?”

तुम्ही म्हणालात, “दिवाळी कशाची रं. खोडवा हाय त्यो. ऱ्हायचा आपला रानात. दुसरं काय करायचं?”

पुढं सांगलीत ज्या लॅबमध्ये लागले, तिथल्या शहरी मैत्रिणीला मी हे सांगितलं तर ती म्हणाली, खोडवा म्हणजे काय? तिला समजावून सांगितलं. ऊस तोडून नेला, की मागं राहिलेल्या बुडख्यातून आपोआप फुटतो तो खोडवा. नवी लागण नको, बेणं नको. म्हणून त्याच्याकडं कोण लक्ष देत नाही. खत लागणीला, पाणी आधी लागणीला, आणि उरलं तर खोडव्याला. ती म्हणाली, अगं पण पुन्हा फुटतो म्हणजे चांगलंच की! शहरात सगळ्याचंच चांगलं होतं. उसाच्या रानात वाढलेल्या बाईला बापानं खोडवा म्हटलं तर काय म्हटलं, हे मला आणि तुम्हाला दोघांनाही नीट ठाऊक होतं.

कसं म्हणवलं हो तुम्हाला? तेही तुकाकाकांपुढं?

चहा तिथंच कट्ट्यावर ठेवला. दोन दिवसांनी सांगलीत ही दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली, लॅबमध्ये नोंदणीच्या टेबलावर काम धरलं आणि तुमचा फोन घेणं बंद केलं. रक्ताच्या बाटल्यांवर लोकांची नावं चिकटवत दिवस जायचा. बाल्कनीत तेव्हा एक दोरी होती आणि एक खराटा. त्यापलीकडं काही लावावं, काही वाढवावं असं माझ्या मनातसुद्धा नव्हतं.

आणि मग ऊसतोडीच्या दिवसांत तुम्ही आलात.

रविवार होता. कुकर लावला होता. बेल वाजली, मी दाराच्या भिंगातून बघितलं. तुम्ही! डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायाशी सुतळीनं तोंड शिवलेलं पोतं. इमारतीला लिफ्ट नाही, आण्णा. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस ते धूड खांद्यावर घेऊन दोन मजले चढला होता आणि भिंतीला हात लावून श्वास घेत होता. मी कडीवर हात ठेवला. मग ‘खोडवा हाय त्यो’ आठवलं आणि हात तसाच राहिला.

तुम्ही चपला काढल्यात. दार उघडायच्या आधीच, कडेला नीट जोडून ठेवल्यात. पुन्हा बेल वाजवायला हात वर केलात आणि आतून कुकरची शिट्टी झाली.

तुमचा हात खाली आला. ती शिट्टी तुम्ही ऐकलीत, हे मी भिंगातून बघितलं. तुम्ही पायरीवर बसलात. दुसरी शिट्टी झाली, तिसरी झाली. गॅस बंद करायला मी हलले नाही, पाय वाजेल म्हणून! डाळ करपल्याचा वास तुम्हाला बाहेर आला असेल. मग तुम्ही उठलात, चपला घातल्यात आणि दाराकडं बघून म्हणालात, “सुमे, पोतं उन्हात ठिवू नगं.”

बस्स. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेलात. मी तुम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. परक्या माणसाला, कुरिअरवाल्याला मी पाणी विचारते, आण्णा.

पोतं फरफटत बाल्कनीत नेलं आणि न उघडता कोपऱ्यात ढकललं. रागानंच. वरच्या मजल्यावरच्या काकू साड्या न पिळता वाळत घालतात, त्यांचं पाणी दिवसभर त्याच्यावर टपकायचं. बारा-पंधरा दिवसांनी कपडे काढायला गेले, तर पोत्याच्या भोकातून हिरवा कोंब बाहेर! उसवून बघितलं तर मळ्यातली काळी माती आणि तिच्यात ओल्या बारदानात गुंडाळलेल्या बारा टिपऱ्या. दोन-दोन डोळ्यांचे, दोन-दोन कोंब फुटतील असे उसाचे तुकडे, तुमच्या कोयत्यानं एका घावात तोडलेले.

मी तिथंच फरशीवर बसले. हसू आलं, खोटं कशाला सांगू. बाल्कनीत ऊस! लोक गुलाब लावतात, जाई लावतात. पण शेजारी रंगकाम चाललं होतं, त्यांच्याकडून रिकाम्या बादल्या मागून आणल्या, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली आणि टिपऱ्या लावल्या. हात आपोआप चालले. मी दहा-बारा वर्षांची असताना तुम्ही सुट्टीवर आलात, की मला सरीत चालवायचात. मी चिखलात पायानं टिपरी दाबायची आणि तुम्ही मागून ओरडायचात, “डोळा वर न्हाई, डोळा खाली न्हाई. डोळा शेजाऱ्याकडं बघाय पायजे!” मी मुद्दाम उलटी ठेवायची. “लय बेरकी बेणं हाय हे,” म्हणायचात. बियाण्याला बेणं आणि द्वाड पोरालाही बेणंच. आपल्याकडं दोघांना एकच शब्द.

बादल्यांत टिपऱ्या लावल्या तो बुधवार होता. मनात आलं, रविवारी फोन करीन. आधी पान उलगडू दे, मग सांगीन, की आण्णा, तुमचा ऊस आला बघा. म्हणजे मी आधी बोलले असं होणार नाही, उसावरून विषय निघाला असं होईल. काय हा माझा मान!

शुक्रवारी दुपारी तुम्ही मोटर चालू करायला मळ्यात गेलात आणि पाटाच्या कडेला सापडलात.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, कधीही झालं असतं. विलासनं ते ऐकलं आणि मान डोलावली. मी मात्र दोन मजल्यांच्या पायऱ्या मोजून आलेय. एकदा नाही, कितीदा. तसलंच पोतं मातीनं भरून वरपर्यंत आणून बघितलं. माझी छाती भरून आली, तर तुमचं काय झालं असेल?

त्यानंतर या बाल्कनीत मी वेड्यासारखी झाडं आणली. दर शनिवारी रोपवाटिकेतून एक कुंडी. गुलाब आणला, त्याला पिठ्या ढेकूण लागला. शेवंती कुजली. तुळस दोनदा वाळली, तेव्हा खालच्या वहिनी म्हणाल्या, “आवं, हात जड आस्तोय एकेकीचा.” पश्चिमेचं ऊन येतं, बादल्या तापतात, हे मला कळत होतं. तरी मी आणत राहिले. काहीतरी माझ्या हातून जगावं म्हणून. बाकी सगळं गेलं, आण्णा. राहिला तुमचा ऊस. बारातले पाच. बोटाएवढा बारीक, पेरं आखूड, पण बाल्कनीच्या गजांच्या वर गेलाय.

आता विलास काल काय म्हणाला ते सांगते.

म्हणाला, “ताई, शेवटाला आण्णाचं ध्यान हाललं हुतं बघ. तुला द्यायला म्हणून टिपऱ्या काढल्या न्हवं? समोर लागणीचा ऊस हुबा हाय, आन ह्ये गेलं खोडव्यात! म्या म्हणलं, आण्णा, खोडव्याचं बेणं कोण घेतंय का? उभ्या गावात हसं हुईल. तर मलाच म्हणत्यात, ‘गप रं. लागतंय, खोडव्याचं बी लागतंय. तिला ठावं हाय.’”

मला ठाऊक होतं हो. आपल्याकडं शेंबडं पोरसुद्धा सांगेल, की बेणं घ्यायचं ते लागणीतून. खोडव्यातून बेणं घ्यायचं नसतं. उभ्या जन्मात तुम्ही ती चूक केली नाहीत. म्हणजे तुमचं ध्यान हललं नव्हतं. तुम्ही माफी मागायला आला होता. तोंडानं तुम्हाला ते जमलं नसतं, म्हणून खांद्यावर घालून आणलंत. आणि ‘तिला ठावं हाय’ म्हणालात, तर मला वर्षभर ठाऊक झालं नाही! टिपरीकडं बघून ती लागणीची का खोडव्याची, एवढं ओळखायला तुम्हीच शिकवलं होतंत. मी बघितलंच नाही.

विलास पुढं म्हणाला, “आन एवढं करून गेलं तर तुझ्या घराला कुलूप! आल्यावर मी इचारलं, भेटली का सुमी? तर म्हणालं, न्हाई रं, कुलूप हुतं. कामाव गेली आसंल बिचारी. पोतं दारात ठिवून आलो.”

कुलूप होतं!

आण्णा, का खोटं बोललात? कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकून, जोडलेल्या चपला परत पायात घालून तुम्ही गेलात, आणि पोराला सांगितलंत कुलूप होतं. वर मलाच बिचारी म्हणालात. सुनेपुढं, गावापुढं माझी लाज जाऊ नये म्हणून? का तुमचीच, लेकीनं दार उघडलं नाही म्हणून? मी उलटसुलट करून बघतेय, मला ठरवता येत नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं. विलास माझ्याशी भांडायला आला असता, मीही भांडले असते. इकडील सर्व क्षेम! आईनं तुम्हालाही चांगलंच शिकवलं होतं म्हणायचं.

आणि काल मी काय केलं ठाऊक आहे? विलासला म्हणाले, “हो रे, त्या रविवारी लॅबला जावं लागलं.” तुमच्या श्राद्धाच्या दिवशी, तुमच्या फोटोसमोर. तुमच्या सुनेनं मला जवळ घेतलं. म्हणाली, “मनाला लावून घिऊ नगासा ताई, नशिबात भेट न्हवती.” मी घेऊ दिलं जवळ.

मला तुम्हाला क्षमा करायची होती, आण्णा, आणि तुम्ही मला केलीत. त्याहून वाईट काही माझ्या वाट्याला आलेलं नाही. साताऱ्याचंसुद्धा नाही.

विलास येत्या रविवारी येतोय. बाल्कनीतला ऊस बघायचाय म्हणतो, आणि तुमचा कोयता घेऊन येणार आहे. ऊस तोडायला झालाय. तोडताना मी बुडखा वर ठेवणार नाही, मातीबरोबर छाटीन. वर ठेवला तर फुटवा वरच्या डोळ्यातून येतो आणि वाऱ्यानं पडतो, हे तुम्हीच सांगितलंत. छाटल्यावर खोडवा फुटेल का नाही, रंगाच्या बादलीत काय सांगावं? पण फुटला तर त्याला लागणीसारखं खत घालीन, पाणीही पहिल्यांदा त्यालाच.

हे झालं नंतरचं. त्याच्या आधीचा शब्द देते तुम्हाला. रविवारी बेल वाजली की पहिल्या बेलेला दार उघडीन. विलासला आत घेईन, पाणी देईन. आणि तो कोयता हातात घ्यायच्या आधी, त्याच्या तोंडाकडं बघून सांगीन, की विलास, कुलूप नव्हतं.

तुमचं बेणं,
सुमी