नावाआधी ‘श्रीमती’ऐवजी ‘सिन्योरा’ लावून मिळण्याबाबत

दिनांक : ८ जानेवारी २०२५

प्रति,
मा. सचिव,
सागरतीर मराठी मंडळ,
मरीन परेड, सिंगापूर

विषय : सदस्य-यादीत अर्जदाराच्या नावाआधी ‘सिन्योरा’ लावणे व संक्रांतीच्या हळदीकुंकवातले तिचे काम तिला परत देणे.

संदर्भ : मंडळाची ‘अद्ययावत यादी’, दि. ४ जानेवारी.

महोदय,

१. अर्जदार डॉ. भार्गवी टिपणीस ही बुओना व्हिस्टा येथे संशोधक आहे. मंडळाच्या हळदीकुंकवाला दारात उभी राहून गेली अकरा वर्षे कुंकू तीच लावत आली. ऑगस्टमध्ये तिचे पती शिरीष वारले. नव्या यादीत तिची ‘सौ.’ची ‘श्रीमती’ झाली आणि दारातले काम सौ. अनघाताईंकडे गेले. अनघाताईंनी फोनवर सांगितले, की तुला त्रास नको, यंदा तू आत बसून वाणाच्या पिशव्या भर. पिशव्या भरायला त्रास होत नाही, असे मंडळाचे मत दिसते.

२. अर्जदाराच्या शेजारच्या टेबलावर लुचिया नावाची इटालियन सहकारी बसते. तिच्याकडे चौकशी करता असे समजले, की तिकडे लग्न झालेली बाई सिन्योरा, आणि नवरा गेला तरी सिन्योराच. लग्नाआधीची ‘सिन्योरीना’ होती, तीही आता मागे पडत चालली आहे. लुचियाच्या आईला विधवा होऊन तीस वर्षे झाली. भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत एकानेही हाक बदलली नाही. नवरा वारल्याचे यादी वाचणाऱ्याला कळून काय करायचे आहे, असे लुचियाने विचारले. तो प्रश्न अर्जदार मंडळाकडे पाठवीत आहे. उत्तर सुचल्यास लेखी कळवावे.

३. फॉर्ममध्ये कुमारी, सौ., श्रीमती एवढेच पर्याय आहेत, ही अडचण अर्जदार जाणते. पुरुषांना मात्र एकच ‘श्री.’ जन्मभर पुरतो. निहाररावांची पत्नी वारली त्याच वर्षी ते अध्यक्ष झाले, त्यांना कोणी पिशव्या भरायला बसवले नाही. शिरीष गेल्याचे दुःख अर्जदाराला रोज आहे. ते मंडळाने तिच्या नावाआधी छापू नये.

४. अर्ज नामंजूर झाल्यास शनिवारी, १८ जानेवारीला, दुपारी चार वाजता अर्जदार पुंगोलमधल्या आपल्या ब्लॉकखालच्या मोकळ्या सामायिक जागेत, व्हॉइड डेकवर, स्वतःचे हळदीकुंकू करील. रीतसर परवानगी काढलेली आहे. कोणाही बाईने यावे. आपल्या मातोश्री विमलकाकू, ज्या आपले वडील गेल्यापासून दर संक्रांतीला डोके दुखते म्हणून आतल्या खोलीत पडून राहतात, त्यांना अर्जदाराने काल समक्ष बोलावणे केले. त्या येते म्हणाल्या. कोणते पातळ नेसू, असेही त्यांनी विचारले.

आपली, एरवी नम्र,
सिन्योरा भार्गवी टिपणीस