नकार कोणी कळवला?

सायली,
गंगापूर रोडच्या हॉस्पिटलात भरती व्हायला निघालेय. काल तिथून फोन आला, "ताई, छाती पुन्हा घडवायच्या ऑपरेशनला तुम्हीच नाही म्हणालात ना?" मी कधी म्हणाले? फोनवर नकार देणारा आवाज बाईचा होता म्हणे, माझी जन्मतारीखही बरोबर सांगितली. तुझ्या बाबांना ती आजवर आठवलेली नाही. "पुन्हा कशाला चिरफाड, आई?" असं मात्र तू दोनदा म्हणाली होतीस.

मी उद्याचीच तारीख कायम करून घेतली. कॅन्सरमुळे स्तन काढला तेव्हा विचार करायला वेळच नव्हता. हे मी माझ्या मनाने करतेय.

आमटी फ्रिजमध्ये आहे. तू फोन केला नसशील तर माफ कर. केला असशील तर रागावणार नाही. संध्याकाळी ये आणि माझ्याजवळ बसून घाबर.

आई