गिटार थांबली तिथं

६ डिसेंबरनंतरचा रविवार
सगळं बदललं ते आज दुपारी. रिसालीच्या शोचं रेकॉर्डिंग ऐकत होतो, आणि 'सी शिफ्ट'च्या मधोमध रोशनची गिटार एकदम गप्प झाली.
'सी शिफ्ट', म्हणजे रात्रपाळी, हे गाणं दर शोला वेगळं होतं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. कुठं जाईल ते वाजवणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. माझ्याकडं बँडचे सगळे शो आहेत, मीच रेकॉर्ड केलेले, एकही सेकंद न कापता. दुर्गच्या शोचं सैल, रुआबांध्याचं रागातलं. पण हे! गिटार थांबते, प्रज्ञाचा बास एकटा पुढं जातो. वर चढतो, थबकतो, कोणाला काही विचारल्यासारखा. मग तिचं हसू, बारीक, माइकात आलेलं. मग गिटार नेमकी तिच्याच सुरावर परत येते.
एवढी जागा कोणी कोणाला उगाच देत नाही.

सोमवार
पुन्हा ऐकलं. पुन्हा.
बाबा प्लांटमधली ए शिफ्ट, सकाळची, करून आले. "कॉलेज सोडलं आन् आता दिवसभर कान झाकून बसतो. काय ऐकून राहिला एवढं?"
"दोन माणसं बोलून राहिले."
"मंग बोलू दे न त्याहिले. तू कावून मधात?"
कॉलेजात पहिल्या सेमिस्टरला प्रज्ञाला वाजवताना ऐकलं, तेव्हापासून दुसरं काही सुचलं नाही. तिला कधी म्हटलं नाही. वाटायचं, कळतच असेल. रोशन माझा दोस्त. त्याला तर सांगितलेलं होतं. त्याला माहीत होतं!

मंगळवार
प्रॅक्टिसला गेलो. रोशनची खोली. तिघंही होते. सरळ विचारलं.
"कवापासून?"
प्रज्ञा बास लावत होती. "काय कवापासून?"
"तू आन् रोशन."
"पागल झाला का बे? कोण सांगितलं तुले?"
"रेकॉर्डिंगनं. सी शिफ्टमधे. सगळं ऐकू येते."
टिकू ड्रमवर होता, तो खोकत हसला. रोशनही हसला. "भाई, तू सुनता ज़्यादा है।"
ते हसणंच लागलं. रोशनला मारलं. तो गिटारच्या स्टँडवर पडला, डावा हात खाली. आवाज आला. असा आवाज मी कुठल्याच शोमध्ये ऐकला नव्हता.
प्रज्ञा ओरडली नाही. म्हणाली, "निघ."

गुरुवार
टिकूचा फोन. रोशनच्या डाव्या हाताची दोन बोटं मोडली. प्लास्टर. रायपूरचा शो गेला.
"आता तूच वाजव रायपुरात. रेकॉर्डर वाजव."
"प्रज्ञा काय म्हणते?"
"तुह्यं नाव काढू देत नाही."
रोशनची बोटं पुन्हा तशी वळतील का, ते विचारायचं होतं. फोन ठेवून दिला.
आज काही ऐकलं नाही. घरात नुसता पंखा.

शनिवार
प्रज्ञानं व्हिडिओ पाठवला. सोबत एक शब्द नाही. टिकूच्या भावानं मोबाइलवर काढलेला, रिसालीचाच. आवाज फाटका. असले व्हिडिओ मी कधी उघडत नाही, माझं रेकॉर्डिंग असताना कशाला.
उघडला.
गिटारची तार तुटली होती. बस. एवढंच. रोशन उकिडवा बसलाय, नवी तार दातात, खुंटीत जाता जात नाही. प्रज्ञा एकटी गाणं धरून उभी आहे, लोक उठून जाऊ नयेत म्हणून. गिटार तिच्या सुरावर परत येते, कारण तो तिच्या बासवरच तार जुळवून घेतोय.
आणि ती हसते ते त्याच्याकडं पाहून नाही. मागं वळून. भुवया उडवून, बघ कसा फसला म्हणत. पुन्हा एकदा वळते. मागं तिच्या अ‍ॅम्पजवळ रेकॉर्डर धरून मी. डोळे मिटलेले. मान हलवतोय, मोठा जाणकार!
हसू मावळतं तिचं. समोर वळते. वाजवत राहते.
पुढचं पाहवेना.

रविवार
प्रज्ञाला फोन केला. कापला. बरोबर केलं.
आधी रोशनकडं जायला पाहिजे. काय बोलायचं ते जुळवत सकाळपासून बसलोय, एक वाक्य धड होत नाही.
चप्पल घातली तर आई स्वयंपाकघरातून, "कुठं चालला?"
"रोशनकडं."
"तो घरात घेईन का तुले?"
"माहीत नाही."
"त्याच्या मायसमोर तोंड सांभाळजो, बाप्पा."
एवढं लिहायला परत टेकलो. निघतो. बाहेरून दार ओढून घेतो.