दोन्हीकडं पाय टाकून

१० जानेवारी
होटगीजवळच्या एका गावात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम. ट्रॅफिकचे साहेब हेल्मेटवर बोलत राहिले, समोर सगळे पुरुष. बायका देवळाच्या भिंतीशी उभ्या. मागं बसणारीला कोण सांगणार? शेवटी मीच उठले. पदर कमरेला खोचा, पिन लावा, दोन्हीकडं पाय टाकून बसा. साडीतही बसता येतं, हे उभ्या गाडीवर बसून दाखवलं. हसल्या. हसू देत. सुमीचं सांगितल्यावर मात्र हसणं थांबलं.

१२ जाने.
सुमीचं वर्षश्राद्ध. माझी पाठची बहीण. लग्नाहून येताना भाऊजींच्या मागं नेहमीसारखी एका बाजूला बसलेली. जरीचा पदर चाकात गेला. हेल्मेट होतं ते भाऊजींच्या डोक्याला. आणि साडीगार्ड खडखडतो म्हणून त्यांनीच तो काढून टाकलेला. आज फोटोसमोर बसून तेच तेच सांगत होते. आता त्यांच्यावर चिडावंसं वाटत नाही. नुसतं रडू येतं.

१५ जाने.
प्रणालीची, सुमीच्या लेकीची, पहिली संक्रांत. वर्षाच्या आत उरकायचं म्हणून मे महिन्यातच लग्न लावलं होतं. जावई श्रीपूरला साखर कारखान्यात, दोघं तिकडंच राहतात. सणाला माढ्याजवळ सासरी आलेत, गाडीवर. तिला फोन केला. तिळगूळ वगैरे झालं, मग विचारलं, कशी बसून आलीस? म्हणाली, "मावशी, हितं सगळ्याच तशा बसत्यात. मी एकटीच कशी..."
कुणीतरी हाक मारली, फोन ठेवला. भाजी करपली माझी.

१९ जाने.
विहीणबाईंनी हळदीकुंकवाला बोलावलंय. तुमच्या हातचंही वाण द्या म्हणाल्या. मी साडीच्या मोठ्या पिना घेतल्या. ह्यांनी विचारलं, वाण लुटायला चाललीस की भाषण ठोकायला? म्हटलं, दोन्ही.

२२ जाने.
माढ्याजवळ, प्रणालीच्या सासरी. ओसरी भरून बायका. पिना आवडल्या सगळ्यांना. कशासाठी ते सांगायला लागले, सुमीचं नाव घेतलं, तर प्रणालीची चुलतसासू म्हणाली, "सणाच्या दिवशी गेलेल्या मान्साचं कशाला काढायचं, बाई?" मी थांबले. प्रणाली तबक घेऊन खाली मान घालून उभी. तिची आई होती ती. कुणाच्या लक्षात तरी आलं का?

नंतर विहीणबाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "तुमचं पटतंय की वो मला. पण पारावर म्हातारी मान्सं बसल्याली असत्यात. सून दोन्हीकडं पाय टाकून निघाली की गावभर हुतंय. तेंच्या तोंडाला कोण लागणार?" बाई चांगली आहे. वाईट असती तर भांडले तरी असते.

संध्याकाळी दोघं श्रीपूरला निघाले. एवढा लांबचा रस्ता, त्यात सगळीकडं उसाच्या ट्रॉल्या. पिन लावलेली दिसली मला. मी तिच्या डोक्यावर हेल्मेट घातलं, पट्टा आवळला. कानाशी म्हणाली, "वेस वलांडली की बसते दोन्हीकडं पाय टाकून. हितं नको, मावशी."
आणि बसली, एका बाजूला. अगदी सुमीसारखी, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर. पाराजवळून गेली. वेशीपाशी रस्ता वळतो, पुढचं दिसत नाही.

२३ जाने.
रात्री उशिरा तिचा मेसेज आला होता, पोचलो म्हणून. सकाळी फोनवर बोललो. कारखान्याच्या धुराड्याची राख वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते, ह्यावरच बोलत राहिली. वेशीच्या पुढं कशी बसली, ते ती बोलली नाही, मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाली असती, माझ्यासाठी.