समाधीच्या दगडाऐवजी

देवणी,
१० फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप ईश्वरप्पा अण्णा यांना उमाचा शरणार्थ.

तुम्ही मळ्यावरून गावात येत नाही, फोनही घेत नाही, म्हणून हे पत्र तुमच्या सुनेच्या, आरतीच्या हाती पाठवत आहे. इकडे सर्व ठीक. हरभरा काढणीला आला आहे.

ट्रस्टच्या दवाखान्यातलं नवं ऑपरेशन थिएटर सुरू झालं. यांच्या, म्हणजे तुमच्या भावाच्या, समाधीला दगड बसवायचे पैसे मी तिथे दिले, म्हणून तुम्ही उद्घाटनाला आला नाहीत, हे मला माहीत आहे. गावानेही हात सैल सोडून पैसे दिले. पण भूल द्यायचं यंत्र आणि टेबलावरचा मोठा दिवा आपल्या घरच्या पैशातून आले. तो दिवा लावला की खाली हाताचीसुद्धा सावली पडत नाही. पाहून माझा ऊर भरून आला.

एक घोळ मात्र मी घातला. नव्या ट्रॅक्टरला लावतो तशी टेबलाला विभूती लावली. माझं बघून बाकीच्या बायांनी हळदकुंकू वाहिलं. जेबा डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाल्या, "काकू, हा ट्रॅक्टर न्हाई." मग खोली परत धुऊन, औषध फवारून बंद ठेवावी लागली. सगळे हसले. मीही हसले, कितीतरी महिन्यांनी.

परवा शेजारच्या मल्लम्माच्या सुनेचं सिझर तिथेच झालं. मुलगी झाली. मायलेकी सुखरूप आहेत. पूर्वी तिला लातूरला पाठवलं असतं.

यांनाही पाठवलंच होतं. आतडं फुटलेलं, इथे भूल द्यायची सोय नव्हती. लातूर यायच्या आत गाडीतच, तुमच्या मांडीवर, गेले. त्यावर आपण दोघं कधी बोललो नाही.

आरती सांगत होती, तुमचा हर्निया वाढला आहे, पोटाला पंचा आवळून औत धरता. लातूरचं नाव काढलं तर म्हणालात, "मरंन, पण त्या गाडीत न्हाई बसणार."

अण्णा, आता त्या गाडीत बसायचं कामच नाही. मळ्यापासून दवाखाना बैलगाडीच्या वाटेवर आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशनला मी तुमचं नाव लावलं आहे, तुम्हाला न विचारता. रागावा, पण या. दगड नंतर आपण मिळून बसवू.

आपल्या घरचं माणूस त्या खोलीत जावं आणि परत बाहेर यावं, एवढं मला बघायचं आहे.

गुरुवारी दाराशी बसलेली असेन,
तुमची भावजय
उमा